पोहायचा पूल बांधताय? काँक्रीट ओतायच्या आधी तांब्याची तार ओढा

"काका, ही शिडी चावते."

गुहागरच्या बाजूच्या एका होमस्टेच्या पूलवर सात-आठ वर्षांच्या मुलीने मालकांना असं सांगितलं, तेव्हा त्यांनी शिडीचा पत्रा कुठे उचकटलाय का ते बोटाने चाचपून पाहिलं. पाइप गुळगुळीत होता. मग ते स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरले, एक हात शिडीवर आणि दुसरा काठावरच्या ओल्या चिऱ्यावर ठेवला, आणि पाच मिनिटांत माझा फोन वाजला. मी एवढंच म्हटलं, "आधी घराचं मेन पाडा. मग शिडीला कुणालाही हात लावू न देता उथळ बाजूने सगळ्यांना बाहेर काढा."

दुपारी पोचलो. पाण्यात कुणी नाही हे बघून मेन पुन्हा चालू केलं आणि मल्टिमीटर लावला. शिडी आणि काठ यांच्यात ७ व्होल्ट. पंपाचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडला, आकडा जागचा हलला नाही. लाइटचा पाडला, तरी तेच. घराचं मेन पाडलं तेव्हा शून्य. बोर्ड उघडला तर अर्थच्या पट्टीवरून न्यूट्रलला एक वीतभर हिरवी तार मारलेली, आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा संरक्षक स्विच) "सारखा पडतो" म्हणून बायपास केलेला. शिडीचं अर्थिंग मात्र चोख होतं. बोर्डापासून शिडीपर्यंत अखंड तार, लग (तारेच्या टोकाची कडी) दाबलेला, नट घट्ट. शिडी चावत होती ती त्या चोख अर्थिंगच्या वाटेनेच.

हे ऐकून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण आपल्याकडे पूलच्या विजेचा विषय निघाला की बोलणं अर्थिंगच्या खड्ड्यापासून सुरू होतं आणि तिथेच संपतं. अलिबाग-नागावपासून दापोली, गणपतीपुळे, मालवण-तारकर्लीपर्यंत होमस्टेवाले आता पूल बांधू लागलेत, म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतोय. यातलं प्रत्यक्ष काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्या. पण काय करून घ्यायचं हे मालकाला आणि सेंट्रिंगवाल्याला माहीत असलं पाहिजे, कारण निम्मं काम वायरमन साइटवर यायच्या आधीच काँक्रीटखाली गाडलं जातं.

अर्थिंग वेगळं, बॉन्डिंग वेगळं

बंदरात चार होड्या एकमेकींना बांधून उभ्या असतात. भरती आली की चारही सारख्या वर येतात, ओहोटीला सारख्या खाली. या होडीतून त्या होडीत पाय टाकताना पाणी किती चढलंय याचा विचार करावा लागत नाही. तोल जातो तो होडीतून धक्क्यावर पाय टाकताना, कारण धक्का भरतीबरोबर हलत नाही.

बॉन्डिंग म्हणजे होड्या एकमेकींना बांधणं. पूलची सळई, शिडी, लाइटचा डबा, पंपाची बॉडी, काठाची फरशी आणि पाणीसुद्धा तांब्याने एकमेकांना जोडायचं, म्हणजे व्होल्टेज चढलं तरी सगळ्यांचं सारखं चढेल. माणसाला शॉक व्होल्टेजने लागत नाही, दोन जागांच्या व्होल्टेजमधल्या फरकाने लागतो. अर्थिंगचं काम निराळं आहे. बिघाडाचा करंट परत जायला वाट देणं आणि संरक्षक स्विचला पाडायला मदत करणं. गुहागरच्या शिडीला अर्थची तार होती, पण शेजारचा काठ त्या शिडीला बांधलेला नव्हता. शिडी होडी झाली आणि काठ धक्का.

७ व्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. कोरड्या हाताला ते कळतही नाहीत. पण पाण्यात भिजलेल्या, अंगभर ओल्या माणसाच्या शरीराचा रोध ५०० ओहमपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. ७ भागिले ५००, म्हणजे १४ मिलिअँपिअर. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडवत नाही. पाण्यात ते आखडणंच जीव घेतं. पोहता येणारा माणूस आवाजही न करता बुडतो. त्यात आपल्या विहिरींचं गोडं पाणी फारसं वाहक नसतं, शरीर त्याच्यापेक्षा चांगलं वाहक. म्हणून अशा पाण्यात करंट माणसातूनच वाट काढतो.

पहिली पायरी: सळई बांधली, काँक्रीट यायचंय

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच चुकते. पूलच्या तळाची आणि भिंतींची लोखंडी जाळी हा तुमचा सर्वात मोठा बॉन्डिंगचा भाग आहे. सळया बाइंडिंग वायरने घट्ट बांधलेल्या असतील तर त्या एकमेकींशी विजेच्या दृष्टीनेही जोडलेल्या धरता येतात, प्रत्येक जोडाला वेल्डिंग लागत नाही. तुम्ही करायचं ते असं. १० चौरस मिलिमीटरची उघडी तांब्याची तार घ्या, मिळाली तर कल्हई केलेली. खाऱ्या हवेत ती जास्त टिकते. पूलच्या चारही बाजूंना, निदान एकेका ठिकाणी, ही तार सळईला पितळी किंवा गनमेटलच्या क्लॅम्पने पकडा. काँक्रीटमध्ये गाडायला चालतो तोच क्लॅम्प. बाजारात मिळणारा पत्र्याचा पाइप-क्लॅम्प नको. तारेची टोकं काठाच्या पातळीवर बाहेर काढून ठेवा, पुढे लागणार आहेत. जोड काँक्रीटच्या आत निदान दोन इंच गेला पाहिजे. उघड्यावर राहिलेल्या तांबं-लोखंडाच्या जोडाला आपली हवा दोन पावसाळ्यांत खाते. काँक्रीटच्या आत मात्र हीच जोडी वर्षानुवर्षं सुखाने नांदते.

आता कोकणातली खास मेख. किनाऱ्याला गंज लागू नये म्हणून बरेच इंजिनिअर हिरव्या इपॉक्सीचा लेप दिलेली सळई घालायला सांगतात. गंजापुरता सल्ला बरोबर आहे. पण इपॉक्सी वीज वाहत नाही. लेपाच्या सळया बांधून तयार झालेली जाळी म्हणजे बॉन्डिंगच्या हिशेबात जाळीच नाही. अशा वेळी तांब्याची वेगळी जाळी टाकावी लागते. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या ६८० व्या कलमात पूलवर सविस्तर लिहिलंय. तिथे अशा ठिकाणी एक-एक फुटावर उभ्या-आडव्या तांब्याच्या तारांची जाळी सांगितली आहे. खर्च लागतो, पण सळईची ऑर्डर देण्याआधी विचारलंत तर पर्याय हातात असतात. जस्ताचा लेप, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड सळई चालते, ती वाहक आहे.

चिऱ्यांची भिंत उभी करून आतून प्लास्टर मारलेले छोटे पूलही मी पाहिलेत. त्यात भिंतीत सळईच नसते, फक्त तळाच्या कोब्यात जाळी असते. त्या जाळीतून दोन ठिकाणी तार वर आणा आणि पुढच्या पायरीवर जास्त लक्ष द्या. फायबरचा तयार पूल बसवणार असाल तर सळई अजिबात नाही. तिथे पुढची पायरी आणि पाण्याला भिडणारी धातूची पट्टी (तिसऱ्या पायरीत सांगतो) यांच्यावरच सगळं उभं आहे.

काँक्रीट ओतायच्या आधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. टेप बाजूला ठेवून, अंतर दिसेल असा. दहा वर्षांनी कुणाला काठ फोडायची वेळ आली तर हे फोटो हजारो रुपये वाचवतील.

दुसरी पायरी: काठाभोवतीची रिंग

माणूस शिडी धरून काठावर पाय ठेवतो तेव्हा तो दोन जगांच्या मधे असतो. म्हणून पाण्याच्या कडेपासून बाहेर सुमारे एक मीटरपर्यंतचा काठ पूलबरोबर बांधलेला हवा. काठ आरसीसीचा असेल तर त्याची जाळी पूलच्या जाळीला जोडा. काठ चिऱ्याचा, पेव्हर ब्लॉकचा किंवा मातीवर बसवलेल्या फरशीचा असेल तर तांब्याची रिंग टाका. पूलच्या आतल्या भिंतीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर अंतरावर, फरशीखालच्या भरावात १० ते १५ सेंटिमीटर खोल, पूलला पूर्ण फेरा घालून. रिंग अखंड ठेवा. पहिल्या पायरीत बाहेर काढलेली चारही टोकं या रिंगला जोडा.

इथे गवंड्याशी वाद होतो. "साहेब, तार खाली असेल तर फरशी हलेल." हलत नाही. हलते ती भराव नीट कुटलेला नसल्यामुळे. रिंग टाकून झाल्यावरच फरशी बसवायची हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर सकाळी पोचाल तेव्हा अर्ध्या काठाला सिमेंट लागलेलं असेल. माझ्यावर ही वेळ दोनदा आली आहे.

तिसरी पायरी: हात पोचेल ते सगळं

पाण्यात किंवा काठावर उभं राहून हात पोचेल असं प्रत्येक मोठं धातूचं सामान रिंगला बांधायचं. साधारण दीड मीटरचा हिशेब धरा, वरच्या बाजूला त्याहून बराच जास्त. शिडीच्या पायांचे सॉकेट, कठडे, धातूच्या लाइटचा डबा, शॉवरचा जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाइप, कुंपणाचे खांब, काठाला लागून असलेल्या शेडचे लोखंडी खांब आणि पत्रा, पूल झाकायच्या कव्हरचा रूळ. घराची ग्रिलची खिडकी पूलकडे उघडत असेल तर तीही. स्क्रू, बिजागरी, बोटभर लांबीचे तुकडे सोडून द्या.

शिडी ३०४ ग्रेडची स्टेनलेस असेल तर किनाऱ्यावर तिच्यावर तपकिरी ठिपके यायला वेळ लागत नाही. ३१६ घ्या. बॉन्डिंगचा जोड शिडीच्या पाइपवर नको, काँक्रीटमधल्या सॉकेटवर घ्या, म्हणजे शिडी बदलली तरी जोड जागेवर राहतो.

पाणीही विसरू नका. पूलला टाइल्स, पीव्हीसी पाइप, प्लास्टिकचे लाइट असतील तर पाण्याचा कुठल्याच धातूशी संबंध येत नाही. अशा वेळी पाण्याला कायम भिडलेला एखादा धातूचा भाग बॉन्डिंगला जोडावा लागतो. अमेरिकन कोडात त्याचं क्षेत्रफळ निदान ९ चौरस इंच, म्हणजे जवळपास तळहाताएवढं सांगितलंय. स्किमरमध्ये, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडात, बसवायची तयार पट्टी मिळते. स्टेनलेसची शिडी पाण्यात असेल आणि ती बांधलेली असेल तर वेगळी पट्टी लागत नाही. मिठाच्या क्लोरिनेटरचा पूल असेल, ज्यात लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ असतं, तर पाणी जास्त वाहक होतं आणि धातू लवकर झिजतो. तिथे सगळे जोड दरवर्षी तपासा.

पंपघर, आणि जांभ्यावरचा खड्डा

पंपघरात भिंतीवर तांब्याची एक अर्थ पट्टी लावा. पंपाची बॉडी, क्लोरिनेटर, हीटर, बोर्डाची अर्थ आणि पूलकडून आलेली रिंगची तार, सगळं या एका पट्टीवर वेगवेगळ्या बोल्टला. एका बोल्टखाली चार लग कोंबू नका. इथून एक जाड तार खड्ड्याकडे. लग कल्हई केलेले, दाबून बसवलेले, वर पेट्रोलियम जेली. पंपघर किनाऱ्याच्या दिशेला उघडं असेल तर या पट्टीवर हिरवा थर चढतो, म्हणून वर झाकण हवं.

आता खड्डा. गुहागरचे मालक मला अभिमानाने सांगत होते, "अर्थिंगचा प्रश्नच नाही. दोन पोती मीठ घातलंय, कोळसा वेगळा." मीठ-कोळशाचा खड्डा हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे, आणि तो मळ्याच्या मातीत चालतोही. पण आपण जांभ्यावर बसलोय. जांभा सच्छिद्र. पाणी धरत नाही, सोडून देतो. जुलैत मोजलेला खड्डा उत्तम दाखवतो. तोच खड्डा मेमध्ये मोजलात तर आकडा कित्येक पटीने चढलेला असतो. मीठ म्हणाल तर पहिल्या पावसाळ्यातच धुपून जातं आणि जाता जाता जीआय पाइप खाऊन जातं.

साधा हिशेब बघा. चांगल्या, १०० ओहम-मीटर रोधाच्या मातीत ३ मीटरची एक सळी ठोकली तर तिचा रोध ३० ते ३५ ओहम येतो. माती दहापट वाईट, तर रोधही दहापट. कातळावर, सड्यावर ३ मीटर खोदणंच कठीण, म्हणून लोक दीड मीटरवर थांबतात आणि आकडा आणखी चढतो.

तरी समजा तुमचा खड्डा १० ओहमचा आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचं अर्थिंग ५ ओहमचं. पंपाच्या आत फेज बॉडीला लागला. करंट किती? २३० भागिले १५, म्हणजे जेमतेम १५ अँपिअर. पंपाला १६ अँपिअरचा सी-टाइप एमसीबी आहे. तो झटक्यात पडायला निदान ८० अँपिअर लागतात. १५ अँपिअरला तो पडणारच नाही. आणि पंपाची बॉडी? ती १५० व्होल्टवर उभी आहे, तासन्‌तास, "चोख" अर्थिंगसकट. दोन पोती मिठाने यात काही बदलत नाही.

बदलतो तो आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला पडतो, आणि १० ओहमच्या खड्ड्यावर तेवढी गळती म्हणजे ०.३ व्होल्ट. खड्डा अगदी २०० ओहमचा झाला तरी ६ व्होल्टच्या आत तो पडतो, आणि तेवढे व्होल्टही बॉन्डिंगमुळे पाण्यात कुठे फरक म्हणून उभे राहत नाहीत. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बॉन्डिंग, मग आरसीसीबी, मग खड्डा. आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा लावतात.

तरीही खड्डा नीट करायचाच. तांब्याचा लेप असलेल्या दोन-तीन सळ्या, एकमेकींपासून निदान सळीच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर, भोवती मिठाऐवजी बेंटोनाइटची माती. बेंटोनाइट ओल धरून ठेवतं. जागा घराच्या सांडपाण्याच्या किंवा माडाच्या आळ्याच्या बाजूला निवडा, मेमध्येही जमीन दमट राहते. अर्थिंगसाठी आपलं मानक आयएस ३०४३ आहे, कंत्राटदाराला त्याप्रमाणे काम मागा. जीआयचा पाइप पूलच्या सळईला जोडलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. काँक्रीटमधली सळई मातीतल्या जस्ताच्या तुलनेत तांब्यासारखी वागते, आणि जीआय पाइप भराभर झिजतो. बाहेरून झाकण छान दिसतं, आत पाइप उरलेला नसतो.

वीजरोधकाचा, म्हणजे आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या सळीचा, खड्डा वेगळा ठेवायचा आणि कशालाच जोडायचा नाही, हा गैरसमज इथे घट्ट रुतलाय. खड्डे वेगळे असू देत, पण ते मुख्य अर्थ पट्टीवर एकत्र बांधलेले हवेत. नाहीतर वीज पडली की एका खड्ड्याची आणि दुसऱ्याची पातळी हजारो व्होल्टने वेगळी होते आणि मधे जे असेल ते जळतं.

आणि न्यूट्रलची ती वीतभर हिरवी तार. उन्हाळ्यात टेस्टर नीट लागत नाही, अर्थ सुकलाय, म्हणून काही वायरमन घराच्या बोर्डात न्यूट्रलच अर्थला जोडून टाकतात. टेस्ट लॅम्प लख्ख पेटतो, मालक खूश. पण आता लाइनवरच्या न्यूट्रलवर जे काही व्होल्टेज असेल ते थेट शिडीवर. आणि न्यूट्रल तुटला तर २३० व्होल्टपर्यंत. आपल्याकडे न्यूट्रल तुटायला काय लागतं? माडाची एक झावळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा गावंच्या गावं वायरींच्या गुंत्यात होती. तुमच्या बोर्डात अशी तार असेल तर ती परवानाधारक माणसाकडून आजच काढून घ्या.

आरसीसीबी आणि लाइट

पूलच्या पंपाला एक, लाइटला एक, बागेतल्या लाइटला आणि बाहेरच्या प्लगला आणखी एक, असे ३० मिलिअँपिअरचे वेगवेगळे आरसीसीबी घ्या. एकावर सगळं टाकलंत तर पहिल्याच पावसात बागेतल्या एका दिव्याने सगळं पडेल, आणि मग कुणीतरी तो बायपास करेल. बायपासची गोष्ट नेहमी इथूनच सुरू होते. वेग बदलणारा पंप असेल तर साधा एसी-टाइप नको, निदान ए-टाइप घ्या. पंपाच्या ड्राइव्हचा उत्पादक कोणता प्रकार सांगतो ते वाचा.

होमस्टेत जनरेटर असतोच. त्याचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर गळतीला परतीची वाट नसते आणि आरसीसीबी आंधळा होतो. जनरेटरवर पूल चालवणार असाल तर हे काम जनरेटर बसवतानाच करून घ्या. दिवे गेल्यावर रात्री पाहुण्यांना पाण्यात ठेवू नका, हा साधा नियमही चालेल.

पाण्याखालच्या लाइटसाठी नियम एकच. १२ व्होल्ट. पूलभोवतीच्या जागेचे आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ७०२ व्या भागात तीन पट्टे केलेत. पाण्याच्या आतला शून्य पट्टा, काठापासून २ मीटरपर्यंतचा पहिला, आणि त्यापुढे दीड मीटरचा दुसरा. शून्य पट्ट्यात १२ व्होल्ट एसीपेक्षा जास्त नाही, आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर शक्यतो साडेतीन मीटरपलीकडे, पंपघरात. ट्रान्सफॉर्मर सेफ्टी आयसोलेटिंग प्रकारचाच हवा. स्ट्रिप लाइटचा स्वस्त ड्रायव्हर १२ व्होल्ट देतो खरा, पण आत बिघाड झाल्यावर तो २३० व्होल्ट इकडे येऊ देणार नाही याची खात्री कोण देणार? या ट्रान्सफॉर्मरची १२ व्होल्टची बाजू अर्थला जोडायची नाही. इथे अतिउत्साही वायरमन चुकतो. धातूचा डबा बॉन्डिंगला बांधायचा, वायर नाही.

लांबी मोजा. ३० वॅटचा एलईडी १२ व्होल्टवर अडीच अँपिअर ओढतो. २० मीटर लांब अडीच चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये पाऊण व्होल्ट गळतात. चालतं. ४० मीटर असेल तर जाड केबल घ्या, नाहीतर दिवा पिवळट दिसेल.

पहिल्या पट्ट्यात २३० व्होल्टचा प्लग नको. आता खरं सांगतो, इतकं सगळं करून झाल्यावर लग्नाचा मांडव येतो. मंडपवाला माडाला लाइटच्या माळा गुंडाळतो, जोडाला सेलोटेप, एक्स्टेंशन बोर्ड काठावरच्या खुर्चीखाली आणि डीजेचा स्पीकर पाण्यापासून हातभर. तुमचं सगळं बॉन्डिंग तिथे अर्धं फुकट. बुकिंग घेतानाच लिहून घ्या की काठापासून साडेतीन मीटरच्या आत मंडपवाल्याची वायर येणार नाही, आणि त्याला वीज आरसीसीबीवाल्या प्लगमधूनच मिळेल.

मोजणी

काम झालं म्हणजे काय, हे मीटर सांगतो. चार मोजण्या करून लिहून घ्या.

पहिली, अखंडता. अर्थ पट्टीपासून शिडी, कठडा, लाइटचा डबा, रिंगचा लांबचा टोकाचा बिंदू, प्रत्येकापर्यंत रोध. लो-रेझिस्टन्स मीटर वापरा, जो निदान २०० मिलिअँपिअर सोडतो. साध्या मल्टिमीटरला गंजलेला जोडही चांगला वाटतो. १० चौरस मिलिमीटरच्या ५० मीटर तांब्याचा रोध ओहमच्या दहाव्या भागाहून कमी असतो. म्हणून टेस्टच्या वायरींचा रोध वजा करून अर्ध्या ओहमच्या वर काही आलं तर मी जोड उघडून बघतो.

दुसरी, इन्सुलेशन. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) पंपाची आणि केबलची तपासणी, १ मेगओहमच्या खाली काही चालवायचं नाही. मेगर लावताना आरसीसीबी आणि ड्राइव्ह सोडवून ठेवा.

तिसरी, खड्ड्याचा रोध, तीन खिळ्यांच्या पद्धतीने. लांबचा खिळा जितका दूर, त्याच्या साधारण ६२ टक्क्यांवर मधला. जांभ्यात खिळा शिरत नाही, तिथे ओलं फडकं अंथरून त्यावर वजन ठेवलं तरी काम होतं. ही मोजणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. पावसाळ्यात मोजलेला आकडा कागदावर छान दिसतो, पण तुमचे पाहुणे मेमध्ये येतात.

चौथी मालकानेच करायची. दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण. आणि लक्षात ठेवा, ते बटण फक्त आरसीसीबी जिवंत आहे एवढंच सांगतं. अर्थिंग, बॉन्डिंग यांचं त्याला काही माहीत नसतं.

जुना पूल असेल तर

गुहागरच्या पूलला काठाखाली रिंग नव्हती, सळईतून तार काढलेली नव्हती. आम्ही आधी न्यूट्रलची तार काढली आणि आरसीसीबी पुन्हा जोडला. तो टिकेचना. तासभर शोधल्यावर लॉनखाली, पंपाच्या केबलचा काळ्या टेपने बांधलेला जोड सापडला, मुळांनी वेढलेला आणि चिखलात. केबल अखंड टाकली, तेव्हा तो उभा राहिला. मग काठाच्या फरशीत कटरने खाच मारली, तळाच्या कोब्याची सळई दोन ठिकाणी उघडी केली, क्लॅम्प, रिंग, शिडीचे सॉकेट, स्किमरमध्ये पट्टी. सळई उघडी केली तिथे पॉलिमर मॉर्टरने नीट बुजवली, नाहीतर गंज तिथूनच आत शिरला असता. तीन दिवस पूल बंद, मालकांचा जीव वरखाली, कारण बुकिंग होती.

चौथ्या दिवशी पाण्याशी, शिडीशी, काठाशी सगळीकडून मोजलं. बारीक व्होल्टेज मोजताना मीटरच्या टोकांमध्ये १००० ओहमचा रोधक लावावा, नाहीतर हवेतलं भुताचं व्होल्टेजही दिसतं. तसा लावल्यावर ०.१ च्या खाली. मालकांनी विचारलं, "मग पंपघरात अजून एक पोतं मीठ उरलंय, त्याचं काय करू?" कैऱ्या अंगणात पडल्याच होत्या. म्हटलं, लोणचं घाला.

आणि पाण्यात कुणी अचानक आखडला, तर उडी मारू नका. आधी मेन पाडा. मेन कुठे आहे हे नोकरांना, स्वयंपाकिणीला, पोरांनाही माहीत असू द्या, बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मेन सापडेपर्यंत कोरडा बांबू किंवा फ्लोट पुढे करा, हात नको. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर लगेच सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. आमच्याकडे प्रत्येक पूलच्या पंपघराच्या दारावर हे चार ओळींत लॅमिनेट करून चिकटवलेलं असतं. दर पावसाळ्यानंतर तो कागद बदलावा लागतो, अक्षरं पुसतात.